मोजलेल्या भाषा, न सांगितलेली गोष्ट

एखादा बहुभाषिक, विद्यार्थिप्रिय प्राध्यापक गेला की शोकसभेत पहिल्या पाच मिनिटांत एक आकडा येतो. सरांना सात भाषा येत. दुसरा वक्ता तो नऊवर नेतो, कारण पहिल्याने पाली आणि अर्धमागधी धरलेल्या नसतात. मग गाडी सरांच्या मायाळूपणाकडे वळते: घरी आलेल्या विद्यार्थ्याला हमखास मिळणारा चहा, उसनी दिलेली आणि कधीच परत न मागितलेली पुस्तके. आकडा विद्वत्तेच्या रकान्यात, चहा माणुसकीच्या. दोन्ही भरले की श्रद्धांजली पुरी झाली. या दोन्ही गोष्टी बहुधा खऱ्या असतात आणि अडचण तीच आहे. खऱ्या असल्यामुळे त्यांच्यावर कोणी बोट ठेवत नाही, आणि त्या माणसाने आयुष्यभर नेमके काय केले हे सांगायचे राहून जाते.

माझे म्हणणे असे आहे. बहुभाषिकता हा साठा नाही, तो व्यवहार आहे. कोणती भाषा कुठून आली, ती कोणाशी बोलली गेली, एका भाषेने दुसरीला कोणता प्रश्न विचारला, आणि आपली भाषा कुठे संपते हे ओळखून त्या माणसाने कोणाचा हात धरला, एवढे सांगितल्याखेरीज बहुभाषिक शिक्षकाची आठवण सांगितलीच जात नाही. विद्यार्थ्यांचे प्रेमही या व्यवहारातूनच येते. त्याला वेगळा रकाना लागत नाही. हे मी ए. के. रामानुजन यांच्या आधाराने मांडणार आहे. (या नावासरशी आपल्या डोळ्यांपुढे गणिती उभे राहतात. हे ते नव्हेत, जरी यांचे वडील गणिताचेच प्राध्यापक होते.) अत्तिपट कृष्णस्वामी रामानुजन यांचा जन्म १९२९ साली म्हैसूरचा. १९६२ पासून १९९३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते शिकागो विद्यापीठात शिकवत होते. इंग्रजी आणि कन्नड या दोन्ही भाषांत ते कवी होते. तमिळ आणि कन्नडमधून इंग्रजीत भाषांतर करणारे, लोककथा गोळा करणारे आणि भाषावैज्ञानिक अशीही त्यांची ओळख होती. आकड्याच्या मोहाला बळी पडावे असा हा माणूस, म्हणूनच उदाहरणाला बरा.

१. आकड्यात काय मावत नाही

भारतात तीन भाषा येणे ही विद्वत्ता मानायची तर विद्वानांची जनगणना करावी लागेल. २०११च्या जनगणनेत सुमारे २६ टक्के लोकांनी मातृभाषेखेरीज आणखी एक तरी भाषा येत असल्याचे सांगितले, आणि सुमारे ७ टक्क्यांनी आणखी दोन. बेळगावच्या बाजारात भाजी विकणारी बाई मराठी, कन्नड आणि दखनी हिंदी एकाच गिऱ्हाइकाशी तीनदा पालटून बोलू शकते. रामानुजन पन्नासच्या दशकात याच बेळगावात इंग्रजी शिकवत होते. निव्वळ संख्येवर त्या दोघांत फारसा फरक निघणार नाही.

दुसरे असे की ‘येते’ हे क्रियापद फार ढिले आहे. ज्या भाषेत रागावता येते, जिच्यात कोशाच्या मदतीने वाचता येते आणि जिच्यात कविता लिहिता येते, त्या सगळ्यांना आपण एकच खूण करतो. रामानुजन यांच्या बाबतीत ही खूण किती फसवी ठरते पाहा. त्यांची घरची भाषा तमिळ. तेव्हा ‘तमिळ येत होती’ असे लिहून कोणीही मोकळा होईल. प्रत्यक्षात संगमकाळची तमिळ त्यांना येत नव्हती. १९६२ मध्ये शिकागोला नव्यानेच आले असताना प्राचीन तमिळचे एखादे प्राथमिक व्याकरण मिळते का, हे शोधायला ते ग्रंथालयाच्या तळघरात उतरले. तिथे नोंदच न झालेल्या पुस्तकांच्या ढिगात त्यांना उ. वे. स्वामिनाथ अय्यर यांनी संपादलेली ‘कुरुंतोगै’ या संगमकाळच्या कवितासंग्रहाची १९३७ची आवृत्ती सापडली. स्वतःच्या घरच्या भाषेचे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे काव्य त्यांना म्हैसुरात किंवा मद्रासमध्ये भेटले नाही. ते मिशिगन सरोवराकाठच्या गावात, तिशी उलटल्यावर भेटले. पाच वर्षांनी, १९६७ मध्ये, त्या कवितांच्या भाषांतराचे ‘द इंटिरिअर लँडस्केप’ निघाले आणि तमिळ न जाणणाऱ्या जगाला ‘अहम्’ आणि ‘पुरम्’, म्हणजे आतले आणि बाहेरचे, ही काव्याची विभागणी समजली. मराठी वाचकाला इथे हालाची ‘गाथासप्तशती’ आठवणे स्वाभाविक आहे. तमिळ अहम् कविता आणि आपल्या महाराष्ट्री प्राकृतातल्या गाथा यांचे नाते जॉर्ज हार्ट या अभ्यासकाने सत्तरच्या दशकात तपशिलात जाऊन तपासले. सांगायचे एवढेच, की ‘तमिळ: येते’ या नोंदीत स्वयंपाकघर आणि तळघर यांच्यातले हे अंतर कुठेच दिसत नाही. सारे काम तर त्या अंतरातच घडले.

२. माडी, स्वयंपाकघर, रस्ता

आपल्या म्हैसूरच्या घराचे वर्णन रामानुजन यांनी मजल्यांनुसार केले आहे. माडीवर वडिलांची अभ्यासिका, तिथे इंग्रजी. खाली आई, आजी आणि स्वयंपाकघर, तिथे तमिळ. उंबरा ओलांडला की कन्नड. मुले या मजल्यांवरून दिवसभर वर-खाली धावत असत. संस्कृत आणि इंग्रजी यांना ते पितृभाषा म्हणत आणि तमिळ-कन्नडला मातृभाषा. हा शब्दांचा खेळ वाटतो. पण त्यात त्यांच्या पुढच्या अभ्यासाचा आराखडा दडलेला आहे.

भाषा अशी जागेला, वेळेला आणि माणसाला बांधलेली असली की तिच्यातले ज्ञानही बांधलेले असते. माडीवरच्या भाषेत रामायण म्हणजे ग्रंथ. खालच्या भाषेत रामायण म्हणजे भात भरवताना सांगितलेली गोष्ट. दोन्हीकडे वावरणाऱ्या मुलाला फार लवकर कळते की एकच वस्तू दोन ठिकाणी दोन असते. बहुतेक शिकलेली मुले मोठेपणी माडीवर जाऊन बसतात आणि खालचे दार लावून घेतात. रामानुजन यांनी पहिले पुस्तक काढले ते कन्नड म्हणींचे, १९५५ साली. इंग्रजीच्या प्राध्यापकाने म्हणी गोळा कराव्यात हे त्या काळच्या कॉलेजच्या हिशेबात बढतीला उपयोगी पडणारे काम नव्हते. बेळगाव आणि आसपास त्यांनी लोककथाही टिपून घेतल्या, त्यांतल्या कितीतरी बायकांकडून. आपल्याकडे दुर्गा भागवत आणि सरोजिनी बाबर हेच काम मराठीत करत होत्या. विद्यापीठीय प्रतिष्ठा त्याला किती उशिरा मिळाली हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको.

आता शिक्षक म्हणून याचा परिणाम काय झाला ते पाहा. ज्याला ज्ञान खालच्या मजल्यावरूनही येते हे माहीत आहे, तो वर्गात आलेल्या विद्यार्थ्याला रिकामे भांडे समजत नाही. त्याच्या घरची भाषा, त्याच्या आजीची गोष्ट ही त्याच्या लेखी सामग्री असते. शोकसभेत ज्याला आपण ‘सरांची माया’ म्हणतो, तिचा मोठा भाग हा असा ज्ञानविषयक निर्णय असतो. तो चहाच्या कपात शोधला तर सापडत नाही.

३. व्याकरणातून निघालेला विचार

भाषा एकमेकींना प्रश्न विचारतात असे मी वर म्हटले. ते हवेतले वाटू नये म्हणून एक ठोस उदाहरण. १९५८ मध्ये रामानुजन यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून भाषाविज्ञानाची पदविका घेतली. (पुढे याच संस्थेत अशोक केळकरांनी मराठी भाषाविज्ञान उभे केले. दोघांचे जन्मसाल एकच, १९२९.) तिथून ते इंडियाना विद्यापीठात गेले आणि १९६३ मध्ये कन्नडच्या प्रजनक व्याकरणावर त्यांनी डॉक्टरेट मिळवली. या व्याकरणशास्त्रात नियमांचे दोन प्रकार मानतात. काही नियम कुठल्याही संदर्भात तसेच लागू होतात. काही आजूबाजूला काय आहे ते पाहून लागू होतात. पहिल्यांना संदर्भमुक्त म्हणायचे, दुसऱ्यांना संदर्भनिष्ठ.

पंचवीसेक वर्षांनी, १९८९ मध्ये, त्यांनी भारतीय विचारपद्धती नावाचे काही आहे का, असा प्रश्न करणारा निबंध लिहिला. त्याच्या सुरुवातीला त्यांचे वडील आहेत: गणिती आणि खगोलशास्त्रज्ञ, आणि त्याच वेळी निष्णात ज्योतिषी. तरुण मुलाला ही विसंगती सहन होत नसे, वडिलांना तिचा काडीचाही त्रास नव्हता. या कोड्याला रामानुजन यांनी जे उत्तर दिले ते थेट व्याकरणातून उचललेले आहे. काही संस्कृती आदर्श म्हणून संदर्भमुक्त नियमांकडे झुकतात, काही संदर्भनिष्ठ नियमांकडे. मनूचे वर्णानुसार बदलणारे दंड, आयुर्वेदातले ऋतू आणि प्रकृती पाहून ठरणारे पथ्य, दिवसाच्या प्रहराला बांधलेले राग, संगम कवितेतल्या भूप्रदेशाला बांधलेल्या भावना: हे सगळे त्यांनी एका ओळीत आणले. या सिद्धांताशी मी पूर्ण सहमत नाही. मनूचा संदर्भनिष्ठ दंड ज्याच्या पाठीवर पडला त्याला ती ‘विचारपद्धती’ म्हणून वाचणे जड जाईल, आणि आधुनिक भारतातल्या सुधारणांचा ओघ संदर्भमुक्त न्यायाकडे का गेला याचा विचार त्या निबंधात येतो तो ओझरताच. तरी निबंध घडला कसा हे पाहण्यासारखे आहे. कन्नडच्या वाक्यरचनेसाठी शिकलेली संकल्पना संस्कृत धर्मशास्त्राला लावून पाहिली, तिला तमिळ काव्यशास्त्राने दुजोरा दिला आणि मांडणी झाली इंग्रजीत. चारांतली एक भाषा काढा, निबंध कोसळतो.

४. सीतेची शिंक

रामायणावरचा त्यांचा निबंध गाजला तो वादामुळे. हिंसक निदर्शने झाली, प्रकरण न्यायालयात गेले, आणि ऑक्टोबर २०११ मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या विद्वत परिषदेने तो इतिहासाच्या पदवी अभ्यासक्रमातून वगळला. वादात बोलणाऱ्यांपैकी बहुतेकांनी त्याचे शीर्षक वाचले होते. शीर्षकातला तीनशेचा आकडा मूळचा फादर कामिल बुल्के यांच्या मोजणीचा. बेल्जियममधून येऊन रांचीत हिंदी शिकवणारे बुल्के हे आणखी एक विद्यार्थिप्रिय बहुभाषिक प्राध्यापक. म्हणजे इथेही आकडाच वर आला आणि मजकूर खाली गेला.

मजकुरात काय आहे? वाल्मीकींची अहल्या शिळा होत नाही, तमिळ कवी कंबनची होते. या फरकातून तमिळ भक्तीचा राम कसा वेगळा आहे हे दाखवले आहे. विमलसूरीच्या ‘पउमचरिया’तले जैन रामायण आहे, आणि ते रावणाची बाजू सहानुभूतीने सांगते. हा ग्रंथ महाराष्ट्री प्राकृतातला आहे, हे आपण सहसा विसरतो. आणि एका कन्नड दलित गायकाची कथा आहे. तिच्यात शंकराने दिलेला आंबा रावण स्वतः खातो, त्यालाच दिवस जातात आणि त्याला शिंक येते. त्या शिंकेतून सीता जन्मते. का, तर कन्नडमध्ये ‘शिंकला’ या क्रियापदाचे रूप ‘सीता’ या नावाशी जुळते. मराठीत शिंकेचा आणि सीतेचा काही संबंध लागत नाही, संस्कृतात तर नाहीच. तिथे सीता नांगराच्या तासातून येते. पण त्यातही नाव आणि जन्म यांचा सांधा शब्दानेच जुळवला आहे, कारण ‘सीता’ म्हणजेच नांगराचे तास. एका भाषेतला श्लेष दुसऱ्या भाषेतल्या श्लेषाच्या जागी बसला आहे. हे ऐकू येण्यासाठी कान एकाच वेळी दोन भाषांत असावा लागतो. म्हणूनच या कथांना पाठभेद किंवा आवृत्त्या म्हणायला रामानुजन कचरत, कारण त्या शब्दांत एक मूळ आणि बाकीच्या नकला असे गृहीत धरलेले असते. त्यांनी साधा शब्द निवडला: सांगणी. प्रत्येक सांगणे तितकेच सांगणे. हे मत भाषाभ्यासातून आले होते, कोणाला डिवचण्यासाठी नव्हे. विद्वत परिषदेने वगळले ते हे ऐकणे.

५. बावीस भाषा, पण कोणाच्या?

१९९१ मध्ये त्यांचे भारतीय लोककथांचे पुस्तक आले. उपशीर्षकात बावीस भाषांचा उल्लेख आहे. शोकसभेच्या गणिताने रामानुजन बावीस भाषांचे जाणकार ठरले असते. ते नव्हते, आणि तसे भासवतही नव्हते. तो आकडा कथांच्या भाषांचा होता. त्या भाषांतल्या संग्राहकांवर आणि भाषांतरकारांवर त्यांची सारी भिस्त होती. तेलुगू कवी क्षेत्रय्याच्या पदांचे भाषांतर त्यांनी वेलचेरु नारायण राव आणि डेव्हिड शुलमन यांच्यासोबत केले. ते पुस्तक त्यांच्या मागे, १९९४ मध्ये निघाले. बहुभाषिक विद्वानाची खरी परीक्षा मला इथे दिसते. आपली भाषा कुठवर पुरते हे त्याला अचूक ठाऊक असते आणि त्यापुढे तो सोबत घेतो. एकभाषिक माणसाला ही सीमा दिसतच नाही, कारण त्याच्या लेखी भाषा संपली की जग संपते.

आक्षेप तीन

पहिला आक्षेप सौम्य आहे: आकडा सांगितल्याने तरुणांना प्रेरणा मिळते, त्यात बिघडले काय? बिघडते ते असे की त्यातून प्रेरणा मिळते ती आकड्याचीच. सहा भाषांची प्रमाणपत्रे गोळा करून एकीतही भांडता न येणारी पिढी आपण तयार करू.

दुसरा आक्षेप जड आहे आणि तो टाळू नये. हे सगळे एका सुशिक्षित अय्यंगार घराचे वैभव आहे, माडीवर ग्रंथालय असलेल्या घराचे. त्यावरून बहुभाषिकतेबद्दल सर्वसाधारण काय बोलणार? यात तथ्य आहे. वरच्या मजल्यावरची इंग्रजी सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. पण हा आक्षेप माझ्या म्हणण्याला बळच देतो. मेळघाटातले कोरकू मूल घरी कोरकू बोलते, बाजारात हिंदी आणि शाळेत मराठी. कोरकू तर आर्य किंवा द्राविड कुळातलीही नाही, ऑस्ट्रो-आशियाई कुळातली. म्हणजे त्या मुलाची भाषिक उडी म्हैसूरच्या मुलाच्या कन्नड-तमिळ उडीपेक्षा कितीतरी लांबची. तरीही प्राध्यापकाच्या तीन भाषा गौरवग्रंथात जातात आणि या मुलाच्या तीन भाषा ‘शिकण्यातील अडचण’ या सदरात. संख्या दोन्हीकडे तीनच. फरक पडतो तो कोणत्या भाषेला वरचा मजला दिला गेला यावर. नुसता आकडा सांगणारी श्रद्धांजली हा फरक झाकून टाकते.

तिसरा आक्षेप खुद्द रामानुजन यांच्या कामावर आहे. १९७३ मध्ये पेंग्विनने काढलेल्या ‘स्पीकिंग ऑफ शिवा’त त्यांनी बसवण्णा, देवर दासिमय्या, अक्कमहादेवी आणि अल्लमप्रभू या कन्नड संतकवींची वचने इंग्रजीत आणली. तेजस्विनी निरंजना यांनी १९९२च्या आपल्या पुस्तकात त्यांच्यावर कठोर टीका केली. अल्लमाचे एक वचन घेऊन त्यांनी दाखवले की हे भाषांतर वचनांना पाश्चात्त्य आधुनिक कवितेच्या आणि ख्रिस्ती भक्तीच्या साच्यात बसवते. टीका पोकळ नाही. अक्कमहादेवीच्या वचनांतली ‘चेन्नमल्लिकार्जुन’ ही मुद्रा रामानुजन फोडतात: मल्लिका म्हणजे मोगऱ्याच्या जातीचे फूल, अर्जुन म्हणजे शुभ्र, म्हणून देव मोगऱ्यासारखा पांढरा. इंग्रजी वाचकाला सुंदर प्रतिमा मिळाली. पण श्रीशैलचा मल्लिकार्जुन, तिथला डोंगर, यात्रा आणि हाक मारायचे नाव हे सगळे गळाले. कन्नड बाई हाक मारते, इंग्रजी बाई वर्णन करते. मराठीत कोणी ‘विठ्ठल’ शब्दाची व्युत्पत्ती देऊन अभंगाचे भाषांतर केले तर आपल्याला काय वाटेल, तेच. रामानुजन यांच्या बाजूने एवढे म्हणता येईल की नाव तसेच ठेवले असते तर शिकागोच्या वर्गातल्या विद्यार्थ्याला ते निव्वळ परके अक्षर राहिले असते, आणि कन्नड शब्दातले फूल कन्नड भाषकांनाही रोज दिसत नाही. हा वाद सुटणारा नाही. तो आठवणीत असायला हवा, कारण भाषांतरकाराचे जगणे अशाच निवडींत जाते. टीका वगळून केलेला गौरव दोन भाषांच्या मधली जागा पुसतो, आणि स्वतःला दोन देशांमधले जोडचिन्ह म्हणवून घेणाऱ्या माणसाची तीच तर जागा होती.

आठवणीचीही वाटणी

मृत्यूनंतर काय झाले तेही या युक्तिवादाचाच भाग आहे. त्यांच्या इंग्रजी कवितांचा समग्र संग्रह १९९५ मध्ये आला आणि त्याला १९९९ मध्ये साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. निबंधांचा जाडजूड खंडही निघाला. ‘होक्कुळल्लि हूविल्ला’ हा धारवाडहून १९६९ मध्ये निघालेला कन्नड कवितासंग्रह मात्र कन्नड वाचकांपाशीच राहिला. इंग्रजीच्या वर्गात एक रामानुजन शिकवले जातात, कन्नडच्या वर्गात दुसरे, मानववंशशास्त्रात तिसरे. अरुण कोलटकरांचे आपण याहून वेगळे काही केलेले नाही: ‘जेजुरी’ इंग्रजी विभागाची आणि मराठी कविता मराठी विभागाची. एका माणसाने जे जोडले ते आपल्या अभ्यासमंडळांनी विषयवार वाटून घेतले. शोकसभेत भाषांची बेरीज करायची आणि दुसऱ्या दिवशी अभ्यासक्रमात वजाबाकी, असा हा प्रकार आहे.

जिथे वाटणी झाली नाही असे एक उदाहरण आहे. गिरीश कर्नाडांचे १९८८चे ‘नागमंडल’ रामानुजन यांच्याकडून ऐकलेल्या दोन लोककथांवर उभे आहे. कर्नाडांचा जन्म माथेरानचा, घरची भाषा कोकणी, लेखन कन्नडमध्ये. त्यांना ही कथा पुस्तकातून मिळाली नाही, सांगण्यातून मिळाली. प्राध्यापकाने नाटककाराला सांगितले, त्याआधी कुणा बाईने प्राध्यापकाला सांगितले होते.

त्या दोनांपैकी एक कथा अशी. एका बाईला एक गोष्ट आणि एक गाणे येत होते. ती दोन्ही तिने कधी कोणाला सांगितली नाहीत. आत कोंडून कंटाळलेली गोष्ट आणि गाणे एके दिवशी ती झोपली असताना तिच्या तोंडातून बाहेर पडली. गोष्टीने जोड्यांचे रूप घेतले आणि ती दाराशी जाऊन बसली; गाणे अंगरखा होऊन खुंटीला लटकले. नवरा घरी आला. अंगरखा कोणाचा, जोडे कोणाचे, असे त्याने विचारले. तिला काहीच माहीत नव्हते. भांडण झाले आणि तो घोंगडी घेऊन मारुतीच्या देवळात झोपायला गेला. गावातले दिवे मालवले की त्यांच्या ज्योती रात्री त्या देवळात जमून गप्पा मारत. त्या रात्री एक ज्योत उशिरा आली. घरात नवरा-बायकोचे भांडण चालले होते म्हणून उशीर झाला, असे सांगून तिने जोड्यांचा आणि अंगरख्याचा सगळा उलगडा केला. नवऱ्याने तो ऐकला. पहाटे घरी येऊन त्याने बायकोला तिच्या गोष्टीबद्दल आणि गाण्याबद्दल विचारले. तोवर ती दोन्ही विसरली होती. कसली गोष्ट, म्हणाली, कसले गाणे?